तात, तार आणि आपला ‘सा’ : व्हायोलिन-सारंगीसाठी तात कशी निवडायची?

ज्यांना हेडफोन लावून पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांना आकडे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पचत नाहीत (मी त्यातलाच), त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे ‘अं... म्हणजे...’ काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय जरा वेगळा आहे. आपण गिटारच्या तारा बदलतो, सतारीच्या बदलतो. पण जी वाद्यं गजानं किंवा बोनं वाजतात, त्यातल्या काहींना धातूची तार नसते, तर बकऱ्याच्या किंवा मेंढीच्या आतड्यापासून पिळलेली दोरी असते. मराठीत तिला तात म्हणतात. इंग्रजीत तिला ‘कॅटगट’ म्हणतात म्हणून मांजराचा संशय घेऊ नका, मांजराचा त्यात काही संबंध नाही.

आणि आपल्या वऱ्हाडात तात ही काही परकी गोष्ट नव्हती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. गादीतला कापूस पिंजायला पिंजारी यायचा, खांद्यावर ती मोठी धनुकली घेऊन. कापसात धरून लाकडी ठोकळ्यानं मारली की ‘तुंय तुंय’ आवाज यायचा. त्या धनुकलीला ताणलेली असायची ती तातच. म्हणजे कापसाच्या या मुलखात पोरासोरांनी सारंगी पाहिलेली नसली, तरी तातेचा आवाज ऐकलेला असायचा.

मी यात कसा पडलो

माझे आजोबा अमरावतीत कीर्तनाला व्हायोलिनची साथ करायचे. ते गेल्यावर व्हायोलिन माळ्यावर पडून होतं. वर्क फ्रॉम होमच्या काळात ते खाली काढलं. पेटीच्या कप्प्यात एका कागदात गुंडाळलेली, पिवळसर, वाळक्या शेवयीसारखी एक तात सापडली. तेव्हा डोक्यात आलं की आजोबा ज्या आवाजात वाजवायचे, तो आवाज परत आणायचा. स्टीलच्या तारा नकोत, तातच लावायची.

मी इंजिनीअर माणूस. इंटरनेटवर तक्ता पाहिला, सेट मागवला, मोबाईलवर ट्यूनर ॲप लावलं. ॲपनं सांगितलं तशा चारही तारा चढवल्या. सगळ्यात वरची तात दुसऱ्या दिवशी तुटली. मला वाटलं, बारीक होती म्हणून तुटली. म्हणून जास्त जाडीची मागवली. ती चढवतानाच तुटली. मे महिना, तारा बाहेरगावाहून मागवलेल्या, आणि गेलेले पैसे माझेच. दुकानदाराची यात काही चूक नव्हती. चूक माझ्या समजुतीत होती, आणि तीच तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा भाग.

पहिली गोष्ट : जाड तात जास्त वर चढत नाही

हे ऐकायला विचित्र वाटतं. जाड दोरी जास्त वजन उचलते हे खरंच आहे. पण जाड तात जडही असते. त्यामुळे तोच सूर काढायला तिला जास्त ताणावं लागतं. दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात वाढतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. निष्कर्ष असा की एकाच लांबीची तात, बारीक असो की जाड, साधारण एकाच सुराला तुटते.

त्याचा एक सोपा हिशेब आहे. तारेची वाजणारी लांबी मीटरमध्ये घ्या आणि तिला सुराच्या वारंवारतेनं, म्हणजे हर्ट्झनं गुणा. चांगल्या तातेसाठी हा गुणाकार साधारण २४० ते २६० झाला की ती तुटते. व्हायोलिनची वाजणारी लांबी साधारण ०.३३ मीटर. पाश्चात्त्य पद्धतीत सगळ्यात वरची तार ६५९ हर्ट्झला लावतात. गुणाकार आला २१७. म्हणजे ती तात आधीच कड्यावर उभी आहे. त्यात अकोला-अमरावतीची मे महिन्यातली कोरडी हवा आणि खाचेची धारदार कड, मग ती टिकणार कशी? युरोपातही २० व्या शतकात तातेच्या जागी स्टील सगळ्यात आधी आलं ते याच वरच्या तारेवर.

म्हणून लक्षात ठेवा : वर चढवताना तात तुटत असेल, तर जाडी वाढवून उपयोग नाही. सूर खाली घ्या, खाचेची कड गुळगुळीत करा, किंवा त्या एका जागी दुसरा पदार्थ वापरा.

दुसरी गोष्ट : तक्ता त्यांचा, ‘सा’ आपला

दोन तारा तोडून मी शेवटी गुरुजींकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “हे असं कुणी मिळवून दिलं तुला?” मी मोबाईल दाखवला. ते हसले.

आपल्याकडे व्हायोलिन पाश्चात्त्य सुरांत लावत नाहीत. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार अशी मोठी परंपरा महाराष्ट्रात झाली, पण त्या वाद्याला आपण आपल्या ‘सा’वर आणलं. खालून वर सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा अशा तारा मिळवायच्या, आणि ‘सा’ कुठला ते गाणाऱ्यावर किंवा वाजवणाऱ्यावर अवलंबून.

माझा ‘सा’ पांढरी पाच. सा-प-सा-प लावलं तर गंमत बघा. खालच्या दोन तारा पाश्चात्त्य पद्धतीत जिथं असतात तिथंच राहतात. पण तिसरी आणि चौथी प्रत्येकी दोन पट्ट्या खाली उतरतात. तिसरी तार ४४० वरून ३९२ हर्ट्झला येते.

आता ताणाचा नियम : ताण वारंवारतेच्या वर्गाप्रमाणे बदलतो. सूर ११ टक्के खाली गेला, तर ताण २० टक्क्यांनी कमी होतो. आकड्यात सांगतो. ०.७५ मिलिमीटर जाडीची साधी तात ४४० हर्ट्झला लावली तर तिच्यावर साधारण ४.९ किलो ताण येतो. तीच ३९२ ला आणली की उरतो ३.९ किलो. बोटाला ती लिबलिबीत लागते, बो जरा जोरानं ओढला की सूर हलतो, आवाज दबका येतो. माझं अगदी हेच झालं होतं. मला वाटलं, आजोबांचं व्हायोलिनच खराब झालं.

(ऑडिओमध्ये इथं मी तीच तार दोन्ही सुरांवर वाजवून दाखवलीय. नक्की ऐका, फरक शब्दांत सांगता येत नाही.)

उपाय सरळ आहे. तेवढाच ताण हवा असेल तर सूर जितक्या पटीनं खाली, तितक्या पटीनं जाडी वर. ४४० भागिले ३९२ म्हणजे १.१२. मग ०.७५ गुणिले १.१२ म्हणजे ०.८४ मिलिमीटर. मी ती तात मागवली आणि चढवली. त्या संध्याकाळी आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि काही न बोलता दारात उभी राहिली. मला माझं उत्तर मिळालं.

उलटी चूकही होते. ‘सा’ पांढरी दोन ठेवून प-सा-प-सा लावलं, तर सगळ्यात खालची तार दोन पट्ट्या वर चढवावी लागते आणि तिचा ताण २६ टक्क्यांनी वाढतो. जुन्या वाद्याला हे झेपेलच असं नाही. तिथं बारीक तार घ्यायची किंवा ‘सा’ खाली आणायचा.

मागवताना मापाचा गोंधळ टाळा. जर्मनीच्या पिरास्ट्रो कंपनीच्या ताती पीएम या मापात येतात. १ पीएम म्हणजे ०.०५ मिलिमीटर. म्हणजे १७ पीएम म्हणजे ०.८५ मिलिमीटर. पण ज्या तातेवर चांदी किंवा ॲल्युमिनियमची बारीक तार लपेटलेली असते, तिची जाडी साध्या तातेशी ताडून पाहू नका. धातू जड असल्यामुळे लपेटलेली तार बारीक असूनही भारी असते. खालच्या सुरांसाठी तीच बरी, कारण साधी तात तिथं फार जाड आणि ताठर घ्यावी लागते.

अकोल्याची सारंगी

आता माझ्या अकोल्याच्या मित्राची गोष्ट. त्याच्याकडे सारंगी आहे. सारंगीला वाजवायच्या मुख्य तारा तीन, त्या तातेच्या. खाली ३५ च्या वर तरफेच्या तारा, त्या धातूच्या. पोटावर चामडं. ताती नीट मिळेनात म्हणून त्यानं पहिल्या तारेच्या जागी सतारीची स्टीलची तार चढवली. मला फोन आला, “अबे, आवाज चिरकते, अन् नख सोलून निघालं. काहून असं होते?”

कारण दोन आहेत. पहिलं, सारंगीत बोट तारेवर दाबत नाहीत. नखाची मुळाकडची बाजू तारेला बाजूनं लावून घसरवतात. वाजवणारे बोटांना पावडर लावतात ती त्यासाठीच. जाड, गोल तातेवर नख घसरतं. बारीक स्टील नखात रुततं.

दुसरं कारण आवाजाचं. स्टील तातेच्या सहा पट जड असतं. म्हणून तोच सूर आणि तोच ताण ठेवायचा तर स्टीलची तार बरीच बारीक घ्यावी लागते : ०.७५ मिलिमीटरच्या तातेच्या जागी साधारण ०.३१. ती बारीक तार वरचे सूक्ष्म स्वर भरपूर देते, म्हणून आवाज झणझणीत, चकचकीत. तात मात्र वरचे स्वर आतल्या आत जिरवते. उरतो तो गळ्याजवळचा, थोडा खरखरीत, गोल आवाज. सारंगी माणसाच्या गळ्यासारखी वाटते, त्यात या तातेचा मोठा वाटा आहे.

पंडित राम नारायण यांचं उदाहरण घ्या. १९२७ मध्ये उदयपूरला जन्मलेले हे कलावंत १९४९ मध्ये मुंबईत आले आणि २०२४ मध्ये जाईपर्यंत मुंबईचेच झाले. साथीला बसणारी सारंगी त्यांनी स्वतंत्र मैफलीचं वाद्य म्हणून उभी केली. त्यांनीही एका काळात तातेच्या जागी स्टीलची तार लावून पाहिली होती. पण आवाजाची जात बदलली आणि ते परत तातेकडे आले. जास्त ताण आणि स्वच्छ आवाज हवा म्हणून परदेशी हार्पच्या ताती मात्र त्यांनी वापरल्या. म्हणजे तडजोड केली ती तातेच्या आत राहून.

सारंगीची जाडी कशी ठरवायची? तारा सा, खालचा प, खालचा सा अशा असतात. तिघींवर सारखा ताण हवा असेल तर जाडीचं प्रमाण १ : १.३३ : २ येतं. पहिली ०.९ मिलिमीटर धरली तर दुसरी १.२ आणि तिसरी १.८. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात इतकी जाड तिसरी तात ताठर होते, गज तिला पटकन बोलतं करू शकत नाही. म्हणून तिसरी थोडी कमी जाड घेऊन तिच्यावर ताण कमी ठेवणं बरं. माझ्या मित्राला मी सांगितलं, “गणित सुरुवात करून देईल, शेवट तुझा हात करेल.” तो म्हणाला, “मंग इंजिनीअर कशाले पाहिजे?” असो.

कूलर, पाऊस आणि तात

युरोपात पूर्वी हवामान सांगणारी खेळण्यातली घरं मिळायची. पाऊस यायचा असला की एक बाहुली बाहेर येणार, ऊन असलं की दुसरी. त्या बाहुल्या फिरवायला आत पिळलेल्या तातेचा एक तुकडा असायचा. हवेतलं पाणी प्यायलं की तातेचा पीळ बदलतो, बाहुली फिरते. तुमच्या वाद्यावर चार बाहुल्या आहेत असं समजा.

बाहेर ४५ अंश, हवा कोरडी ठणठणीत, आणि घरात कूलर. वऱ्हाडात उन्हाळा असाच जातो. कूलर सुरू केला की खोलीतली हवा ओलसर होते, बंद केला की कोरडी. तात हे सगळं पकडते. वाईट म्हणजे चारही ताती सारख्या हलत नाहीत, जाडी आणि पीळ वेगळा असल्यामुळे प्रत्येकीचं वेगळंच. म्हणून मी चार नियम पाळतो.

कूलरच्या झोतात रियाज करायचा नाही. आधी खोली स्थिर होऊ द्यायची, मग तारा मिळवायच्या.

रियाज झाला की वाद्य पेटीत. खिडकीजवळ किंवा उन्हातल्या गाडीत तर कधीच नाही.

मृगाचा पाऊस लागला की पहिले आठ दिवस दर थोड्या वेळानं सूर तपासायचा. तात खराब झाली असं समजून लगेच बदलायची नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नवी तात चढवायची नाही. ताणून स्थिर व्हायला तिला दोन-तीन दिवस लागतात.

इतकी कटकट नको असेल तर तेही चूक नाही. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्ड कंपनीनं १९७० मध्ये नायलॉनच्या जातीचा गाभा असलेली ‘डॉमिनंट’ तार आणली, आणि जगभरातल्या व्हायोलिनवाल्यांनी तात सोडली ती बरीचशी याच कारणासाठी : आवाज तातेच्या जवळपास आणि हवेचा त्रास कमी. आठवड्यातून एकदा वाजवत असाल, तर तातेच्या नादी लागू नका असंच मी सांगेन.

हातात आली की काय पाहायचं

तात कशी बनते ते कळलं की काय तपासायचं तेही कळतं. आतडं धुऊन, चरबी आणि आतला थर खरवडून काढतात. त्याच्या पट्ट्या ओल्या असतानाच एकत्र पिळतात, ताणून वाळवतात, मग घासून गोल करतात. म्हणजे ही नैसर्गिक वस्तू आहे, कारखान्यातल्या तारेसारखी तंतोतंत एकसारखी नसते.

डिजिटल कॅलिपरनं चार ठिकाणी जाडी मोजा. एका टोकाला बारीक, दुसऱ्याला जाड असेल तर ती कधीच सुरात बोलणार नाही. दुसरी परीक्षा फार जुनी आणि फुकट आहे : दोन्ही हातांत ताणून धरा आणि छेडा. कंप पावताना दोन स्वच्छ कडा दिसल्या तर तात चांगली. मध्ये तिसरी, थरथरती रेघ दिसली तर परत करा.

चढवताना सगळ्या तारा एकदम काढू नका. व्हायोलिनच्या आत एक उभी काडी नुसत्या दाबावर उभी असते, ती पडते. एक काढा, एक लावा. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा म्हणजे तात अडकणार नाही. स्टीलसाठी असलेल्या बारीक खाचेत जाड तात कोंबू नका, ती कारागिराकडून रुंद करून घ्या. नंतर एखादा धागा सुटला तर ओढायचा नाही, नेलकटरनं मुळाशी कापायचा.

आजीचा प्रश्न

हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला. आमचं घर माळकरी. तात मागवली तेव्हा मी आजीला सांगितलंच नव्हतं. दोन-तीन तारा तुटल्या, पार्सलं येत राहिली, तेव्हा एक दिवस सांगावं लागलं की ही बकऱ्याच्या नाही तर मेंढीच्या आतड्याची असते.

आजी म्हणाली, “मंग? तुया आजोबाले मालूम नव्हतं काय?” मी गप्प. मग म्हणाली, “दिंडीतल्या पखवाजाले कायचं चामडं लावते रे? त्याले पाया पडतोच ना आपण. पर मले न सांगता घरात आणलं, हे बरं नाही केलं.”

मला वाटतं या प्रश्नाचं सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर नाही. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. देवाच्या नावानं होणाऱ्या पशुबळीविरुद्ध त्यांनी जन्मभर कीर्तनं केली. बळी देणं आणि खाटकाकडे उरलेलं आतडं वापरणं एक नाही, हे मला पटतं. पण कुणाला ते पटलं नाही तर त्याला ‘तुला संगीत कळत नाही’ म्हणणं चूक आहे. अशांसाठी इटलीच्या अक्विला कंपनीची ‘नायलगट’ तार आहे. तिची घनता तातेच्या जवळपास ठेवलेली आहे, त्यामुळे जाडीचा वरचा हिशेब तसाच चालतो. साधं नायलॉन वापरलंत तर ते हलकं असल्यामुळे साधारण ७ टक्के जास्त जाडी घ्या. फक्त घरातल्यांपासून लपवून काही आणू नका. मी लपवलं आणि तुटलेल्या तारांपेक्षा ते जास्त महागात पडलं.

मी शेवटी काय लावलं

खालच्या दोन तारा : तातेचा गाभा, वर चांदी लपेटलेली. तिसरी : साधी तात, ०.८४ मिलिमीटर. सगळ्यात वरची : स्टील. आजोबांच्या कप्प्यातली ती जुनी तात मोजली तर तीही ०.८४ च्या आसपास भरली. त्यांच्याकडे ना कॅलिपर होता, ना सूत्र. त्यांनी ती हातानं शोधली होती.

अकोल्याच्या सारंगीवर आता तिन्ही ताती आहेत. तिसरीवर मित्राची अजून कुरकुर चालू आहे, ती त्याची आणि त्याच्या हाताची गोष्ट.

तेव्हा तात मागवण्याआधी दुकानदाराला ‘चांगली कोणती?’ असं विचारू नका. आधी स्वतःला विचारा : माझा ‘सा’ कोणता? माझ्या वाद्याची वाजणारी लांबी किती? कोणती तार मूळ सुरापेक्षा वर जाते, कोणती खाली? मी रोज वाजवतो का? घरच्यांना चालेल का? ही पाच उत्तरं कागदावर लिहा आणि मग जाडी सांगून मागवा. कंपनीचं नाव शेवटी येतं.

तुमच्या घरात आजोबा-पणजोबांचं असं एखादं वाद्य पडून असेल तर पेटीचे कप्पे आधी नीट तपासा. जुन्या तारा फेकू नका, मोजा. भेटू पुढच्या भागात. तोवर सुरात राहा!